मोटारसायकल आणि वैशाखातलं ऊन

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सोसायटीत दर महिन्याला एक व्याख्यान होत आहे. गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



सचिवांनी मला विषय दिला होता ‘उन्हाळा आणि आरोग्य’. मी बँकेतला माणूस. आरोग्यावर बोलायला आपल्याच सोसायटीत दोन डॉक्टर आहेत आणि दोघंही समोर बसलेत, म्हणजे मला जपून बोलावं लागणार. म्हणून मी विषय लहान करून घेतला. भर उन्हाळ्यात मोटारसायकलवरून लांबचा प्रवास, एवढंच. या बाबतीत मात्र माझा अनुभव बरा आहे. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला, त्याच सुमाराला माझी तिकडे बदली झाली. पुढची अकरा वर्षं मी कधी लातूरकडे, कधी कंधार-मुखेडकडे शेतीकर्जाचं काम केलं. म्हशीचं कर्ज, शेळीचं कर्ज, विहिरीचं कर्ज. म्हैस जागेवर आहे का ते बघायला जायचं आणि मग वसुलीला जायचं. दोन्ही राजदूतवर, आणि वसुलीचे दिवस म्हणजे रब्बीचा माल घरात आल्यावरचे. चैत्र-वैशाख.

विषय निवडायला दुसरंही कारण आहे, ते शेवटी सांगतो. मागच्या वार्षिक सभेत जे जरा मोठ्या आवाजात बोलणं झालं, त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

नांदेड ते लातूर सुमारे १४० किलोमीटर. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर, लातूर. आपल्यापैकी निम्म्या घरांची सोयरीक त्या वाटेवर आहे. कुणाची मुलगी अहमदपूरला दिली आहे, कुणाचा नातू लातूरला क्लाससाठी राहतो, कुणाचा मळा चाकूरकडे. एसटीची वाट बघायची नाही आणि कारचं पेट्रोल परवडत नाही म्हणून पोरं मोटारसायकल काढतात. त्यात लग्नसराई. मुहूर्त बारा पस्तीसचा, अक्षता पडतात दोनला, पंगत उठते तीनला आणि पोट तट्ट भरून माणूस सव्वातीनला गाडीला किक मारतो, मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं. हे चित्र प्रत्येकानं पाहिलं आहे.

आता विचारा त्याला, ऊन लागत नाही का? तो म्हणतो, गाडी चालू असली की वारा लागतो, काही होत नाही, थांबलं की भाजतं. हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतो आहे. ते खरंही वाटतं, आणि त्यातच माणूस फसतो.

आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्यापेक्षा गार आहे तोवर वारा अंगातली उष्णता उचलून नेतो. दिवाळीत गाडीवर कुडकुडतो ते त्यामुळेच. पण हवा ४२-४३ अंशांवर गेली की व्यवहार उलटतो. आता वारा उष्णता आणून देतो. गाडी जितकी जोरात, तितकी जास्त. फुटाणे भाजणाऱ्याच्या भट्टीसमोर पंखा लावून बसल्यासारखं. मग माणूस गाडीवर जळत का नाही? घामामुळे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठ, रांजण, पूर्वी जीपला आणि राजदूतच्या हँडलला अडकवायची ती कॅनव्हासची छागल, सगळ्यांची युक्ती एकच. पाझरायचं आणि वाळायचं. आपलं अंग म्हणजे चालतं-बोलतं रांजणच.

पण रांजण भरलेला पाहिजे ना! इथेच मराठवाड्याच्या कोरड्या हवेत गंमत होते. घरात बसून घाम आला की तो दिसतो, बनियन भिजतं, आपण पाणी मागतो. गाडीवर घाम आला त्याच क्षणी वाळतो. शर्ट कोरडा राहतो. लातूरला पोचलेला माणूस अभिमानानं सांगतो, “मला तर घामच आला नाही.” त्याच्या शर्टाच्या पाठीवर बघा, मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खात्यातून रोज पैसे जात आहेत आणि पासबुकात नोंद नाही. असं खातं एक दिवस रिकामं सापडतं.

आकडे सांगतो. कडक उन्हात तासाला एक लिटर घाम जाणं ही मोठी गोष्ट नाही. दुपारी नांदेडहून निघालं तर लातूरला तीन तास धरा. म्हणजे तीन लिटर. आणि पितो किती? लोह्याला अर्धा ग्लास पाणी आणि अहमदपूरला कट चहा. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगातलं दीड लिटरच्या आसपास पाणी कमी झालं की डोकं मंद व्हायला लागतं. आधी कपाळ ठणकतं, मग चिडचिड. मागे बसलेली बायको काही बोलली की तो खेकसतो. पोटरीत गोळा येतो, क्लचवरची बोटं आखडतात, गिअर चुकतो. मग जांभया. आणि शेवटी तो म्हणतो, “आता कशाला थांबायचं, आलंच लातूर.” हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलंत तर त्याची किल्ली काढून घ्या. कारण थांबायचं की नाही हे ठरवणारं डोकंच तोवर बिघडलेलं असतं.

एक प्रसंग सांगतो. १९८६ चा मे महिना. मी माळेगावच्या फाट्यावरच्या एका हॉटेलात अकरा वाजल्यापासून बसून होतो. खंडोबाची यात्रा भरते तेच माळेगाव. चारच्या आत निघायचं नाही असा माझा नेम होता, शाखेत त्यावरून थट्टाही व्हायची. दोनच्या सुमाराला लातूरकडून एक पोरगा मोटारसायकलवर आला. बियाणं-खतवाल्यांचा प्रतिनिधी असावा, पाठीला नमुन्यांची पिशवी होती. त्यानं गाडी स्टँडवर लावायचा तीनदा प्रयत्न केला, जमेना. हॉटेलवाल्याला विचारलं, “गाडी आली का?” कुठली गाडी, ते त्यालाच माहीत. मग हसला आणि बाकड्याला धरून खाली बसला, आडवा झाला.

लोक म्हणाले, पिऊन आलाय. एक जण म्हणाला, पडू द्या, उतरंल सांजच्याला. तीन-चार जण परत पत्त्यांकडे वळलेसुद्धा. हॉटेलवाल्याची आई आत भाकरी थापत होती, सत्तरीची बाई. ती बाहेर आली, त्याच्या मानेला पाठीमागून हात लावला आणि म्हणाली, “पेला न्हाई त्यो. तापलाय. आना पानी.”

आता आपल्याकडे जुनी समजूत अशी की तापलेल्या अंगावर गार पाणी घालू नये, झटका येतो. तिथंही एकानं तसं बजावलं. म्हातारी म्हणाली, “आमचा बैल तापला तर काय करतो रं आमी?” आणि तिनं दिवसभरासाठी भरून ठेवलेला रांजण त्याच्या अंगावर रिकामा करवला. लांबून घागरी डोक्यावर आणून भरलेलं पाणी ते. आम्ही दोघं-तिघं सुपानं आणि पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी त्यानं स्वतःच्या गावाचं नाव बरोबर सांगितलं. मग एका जीपमध्ये ओला पंचा गुंडाळून त्याला अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर मला म्हणाले, “पाणी न घालता तसाच आणला असता तर वाटेतच गेला असता.” पोरगा वाचला. म्हातारीचं नाव विचारायचं कुणालाच सुचलं नाही. आमच्यात सगळे पदवीधर होते.

याला उष्माघात म्हणतात. अंगाचं तापमान चाळीसच्या वर आणि जोडीला बडबड, भ्रम किंवा बेशुद्धी. घाम बंदच झालेला असतो असंही नाही, श्रमाच्या उष्माघातात अंग ओलंही असू शकतं. डॉक्टरसाहेब मान हलवतायत, म्हणजे बरोबर आहे. अशा वेळी आधी गार करायचं, मग न्यायचं. सावलीत घ्या, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत-मानेवर ओलं फडकं ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी द्यायची नाही, ती या तापावर चालत नाही. आणि खिशात कांदा ठेवून काही होत नाही. कांदा भाकरीबरोबर खावा, उत्तम लागतो.

दुसरा प्रसंग थोडक्यात सांगतो, तो लांबवावासा वाटत नाही. दुसऱ्या एका शाखेतला क्लार्क, तिशीचा, मोपेडवर वसुलीच्या नोटिसा वाटायला गेला. कंधारच्या बाजूला एका बाभळीखाली संध्याकाळी सापडला. गाडी नीट स्टँडवर लावलेली, नोटिसांचा गठ्ठा कॅरिअरला बांधलेला. कागदावर हृदयविकार असं आलं. घरच्यांनी ते मान्य केलं, आम्हीही केलं. त्याची मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

कागदावर हृदयविकार, हे फार ठिकाणी होतं. ऊन माणसाला मारतं तेव्हा दाखल्यावर ऊन असं क्वचितच लिहिलं जातं. अहमदाबादेत मे २०१० मध्ये कडक लाट आली. संशोधकांनी त्या महिन्यातल्या एकूण मृत्यूंची इतर वर्षांच्या मे महिन्याशी तुलना केली, तेव्हा १,३४४ माणसं जास्तीची गेल्याचं निघालं. त्या हिशेबानंतर २०१३ साली त्या महापालिकेनं उन्हाचा आराखडा केला. आगाऊ इशारे, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय. पुढे आपल्याकडेही नागपूरसारख्या शहरांनी तसे आराखडे केले. शेवटी हिशेब मांडला तेव्हाच कामाला सुरुवात झाली.

आणि आकडा ४५ असला तरच ऊन मारतं असं समजू नका. ज्यांची मुलं मुंबई-ठाण्याकडे दुचाकी चालवतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेली चौदा माणसं गेली, तेव्हा पारा चाळीसच्या खालीच होता. तिकडे हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे रांजण पाझरतो पण गार होत नाही.

आता करायचं काय. मोटारसायकल विकून टाका असं मी सांगणार नाही, कुणी ऐकणारही नाही. पहाटे पाचला निघा, साडेआठला लातूरच्या गंजगोलाईत गरम पोहे खा. बारा ते चार गाडी सावलीला. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती, फिकट, ढगळ शर्ट. उघड्या दंडावर वारा बरा वाटतो खरा, पण ऊन आणि गरम वारा दोन्ही थेट कातडीवर येतात आणि घाम फुकट उडतो. गळ्याभोवती ओली दस्ती, हेल्मेटच्या आत डोक्याला ओला सुती रुमाल. हेल्मेट गरम होतं म्हणून आरशाला अडकवणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. दर अर्ध्या तासाला थांबायचं, तहान लागो न लागो, ग्लासभर प्यायचं आणि दस्ती परत ओली करायची. सीटवर ओलं पोतं टाकून ठेवायचं, नाहीतर रेक्झिन काय करतं ते भोगलेल्यांना माहीत आहे.

नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ गेलेलं असतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा बरं का, पोह्याचा नव्हे. साखर कशाला, तर आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढून न्यायला ती लागते. हे सोपं वाटतं, पण १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मिश्रण पिंपातून लोकांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपलं कैरीचं पन्हं आणि मीठ घातलेलं ताक याच नात्यातलं, बाजारातली रंगीत गोड पाणी नव्हे. ज्येष्ठांनी आणखी एक बघावं. वय झालं की तहानच कमी लागते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. उन्हाळ्यात त्या तशाच घ्यायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः बंद करू नका.

रस्त्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. जुन्या नांदेड-लातूर रस्त्याला चिंच होती, कडुनिंब होता, वड होते. वीस मिनिटं गाडी चालवली की सावली यायचीच. आता रस्ता चौपदरी, गुळगुळीत, त्याबद्दल तक्रार नाही, वेळ वाचला. पण झाडं गेली, काही गावं बाजूला पडली, आणि त्यांच्याबरोबर रांजण ठेवणारी हॉटेलंही. दुभाजकात कण्हेर लावली आहे. कण्हेरीच्या सावलीला शेळीसुद्धा बसत नाही. दुपारी उड्डाणपुलाखाली बघा, पाच-सहा मोटारसायकली उभ्या असतात. तीच आताची चिंच. पाण्याचं म्हणाल तर २०१६ चा एप्रिल आठवा. १२ तारखेला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आपल्यातले दोघं मुलांना भेटायला जाताना मोटारसायकलला पाण्याचे कॅन बांधून गेले होते. ते इथेच बसलेत.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हा विषय घेतला.

लांबचा प्रवास म्हणजे नांदेड ते लातूरच असं आपल्याला वाटतं. मागच्या महिन्यात दुपारी तीन वाजता आपल्या गेटवर पार्सल घेऊन एक मुलगा आला. मी खाली होतो. सहज विचारलं, आज किती फिरलास? त्यानं मीटर दाखवलं. सकाळपासून ११८ किलोमीटर, सगळे नांदेड शहरात आणि आसपास. म्हणजे जवळजवळ लातूर गाठलं होतं त्यानं, तेही भर दुपारी, दर दहा मिनिटांनी थांबत, जिने चढत. मी पाणी देऊ केलं. तो दोन घोट प्यायला आणि बाटली परत केली. म्हटलं, पी की सगळं. तो म्हणाला, “काका, जास्त पिलं की जायचं कुठं?”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. दिवसभर रस्त्यावर असलेल्या माणसाला लघवीला जागा नाही, म्हणून तो पाणी तोडतो. मी म्हटलं, मुलींचं काय होत असेल? कुरिअरला आता मुलीही आहेत. तो म्हणाला, त्या तर सकाळपासून पीतच नाहीत.

वार्षिक सभेत आपल्यापैकी काही जणांनी मुद्दा मांडला होता की ही पोरं पार्किंगच्या सावलीत बसतात, ते बंद करावं. सुरक्षेचा प्रश्न आहे, ते मला मान्य आहे, वीस वर्षं मी कॅशच्या चाव्या सांभाळल्या आहेत. पण गेटच्या आत चार फुटांवर, वॉचमनच्या नजरेसमोर, कॅमेऱ्याखाली बसलेला माणूस बाहेर उन्हात उभ्या राहिलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा कसा, हे मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही. आणि त्याला बोलावतो कोण? आपणच. बाराच्या उन्हात चपलांपासून चिंचेपर्यंत सगळं आपणच मागवतो. कालच आमच्या घरी दोन पार्सलं आली, त्यातलं एक चारनंतर आलं असतं तरी चाललं असतं.

मी ठराव लिहून आणला आहे, वाचतो. एक, गेटच्या आतल्या बाजूला दोन माठ, तोटीचे, झाकणासकट. रोज सकाळी घासून भरायचे. दोन, वॉचमनच्या केबिनलगतचं स्वच्छतागृह सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बाहेरून येणाऱ्या कामगारांसाठी, बायांसाठीही, उघडं ठेवायचं. त्याला आतून कडी बसवायची, सध्या नाही. तीन, केबिनमध्ये ओआरएसची वीस पाकिटं आणि भिंतीवर १०८ मोठ्या अक्षरांत. चार, पार्किंगच्या पहिल्या दोन खांबांमधली जागा आणि एक बाकडं जूनअखेरपर्यंत त्यांच्यासाठी.

खर्च मी काढला आहे. माठ, कडी, पाकिटं आणि सफाईचे चार महिन्यांचे जादा पैसे धरून रौप्यमहोत्सवाच्या रोषणाईसाठी जे मंजूर झालं आहे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत बसतं. रोषणाईला माझा विरोध नाही, एक माळ कमी लावली तरी चालेल. स्वच्छता कोण बघणार, हा प्रश्न येणारच. पहिला महिना मी बघतो. सकाळी सहाला फिरायला उतरतोच.

कार्यकारिणीची बैठक शुक्रवारी आहे. सूचक म्हणून माझी सही खाली केली आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. कागद चहाच्या टेबलावर ठेवतो, पेनही ठेवतो.